पत्रिकेवरचा 'स्कॅनर' पैसे मागतोय! (क्यूआर कोड नीट कसा करायचा?)

भडंगवाला · सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, जरा अडचणीत आहे. आधी काय झालं ते सांगतो, मग हसा.

भाचीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. पत्रिका ४५० छापल्या, त्यातल्या २४० वाटून झाल्या. पत्रिकेच्या मागे कार्यालयाचा नकाशा असतो ना, स्टेशन, बाण, चौक, बाण, पेट्रोल पंप, बाण? त्याऐवजी मी हौसेनं क्यूआर कोड टाकला. मेहुण्यांना म्हटलं, नकाशा आता बघतंय कोण, स्कॅन केलं की गाडी थेट दारात. कोड मीच केला. एक फुकटची साइट सापडली, लोकेशन टाकलं, बटण दाबलं, कोड हातात. छापण्याआधी तीन मोबाइलवर तपासला. झकास चालला.

आज दुपारी विट्याहून नवऱ्याकडच्या अण्णांचा फोन. आवाज जरा घट्टच. "पाव्हणं, पत्रिकेवर 'आहेर आणू नये' लिहिलंय, आणि मागच्या बाजूला पैसे मागायला स्कॅनर छापलाय, ह्यातलं नक्की काय धरायचं?"

मी उडालोच. घरातली पत्रिका काढून स्कॅन केली. नकाशा गायब. इंग्रजीत एक पान उघडलं, कोडची मुदत संपली, चालू ठेवायचा तर प्लॅन घ्या, आणि खाली कार्ड नंबर भरायचे रकाने. अण्णांना इंग्रजी वाचायची गरजच नाही, त्यांना पैशाचं चिन्ह दिसलं आणि पुढचं ते समजले. आता अण्णांनी विट्यात किती जणांना सांगितलं असेल ते देव जाणे.

कागदावर छापलेला कोड बंद कसा पडू शकतो? शाई तीच, चौकटी त्याच. आणि उरलेल्या २१० पत्रिकांचं काय करू?

---

डीटीपीताई · सोमवार, रात्री १०:३१

भडंगवाले, हसले, माफ करा. अण्णांचं वाक्य आमच्या दुकानात लावण्यासारखं आहे.

तुमचा कोड बंद पडलेलाच नाही. तो अजून तेच सांगतोय जे पहिल्या दिवशी सांगत होता. फक्त त्यात कार्यालयाचं लोकेशन कधी नव्हतंच. त्यात त्या साइटचा एक छोटा पत्ता होता. स्कॅन करणारा आधी त्यांच्या दारात जातो, आणि ते पुढे नकाशावर पाठवतात. चौदा-पंधरा दिवस पाठवलं, मग दार लावून घेतलं. ह्याला डायनॅमिक कोड म्हणतात. दुसरा असतो स्टॅटिक, म्हणजे जी माहिती द्यायची ती थेट चौकटींमध्येच. त्याला मुदत नाही, तो कोणाला बंद करता येत नाही. कागद आहे तोवर कोड आहे.

माझ्याकडे लग्नसराईत असे तीन-चार जण तरी येतात. दुकान उघडणारा एक मुलगा आला होता, बोर्डावर, बिलबुकावर, कापडी पिशव्यांवर सगळीकडे असलाच कोड. तुमचं त्या मानानं स्वस्तात सुटलंय.

ओळखायचं कसं? छापण्याआधी स्कॅन करा आणि *उघडू नका*. कॅमेरा खाली पत्ता दाखवतो तो वाचा. तुम्ही टाकलेला पत्ता दिसला तर स्टॅटिक. भलत्याच नावाचा छोटा पत्ता दिसला तर मधे कुणीतरी बसलंय. तुम्ही तीन मोबाइलवर तपासलात, पण नकाशा येतो का तेवढंच बघितलंत. कुठून येतो ते नाही बघितलंत.

---

भडंगवाला · सोमवार, रात्री १०:४४

बघितलं आत्ता. भलत्याच नावाचा पत्ता आहे. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या पानावर 'फ्री' मोठ्या अक्षरात होतं, मुदत कुठे लिहिली होती ते आता शोधतोय.

---

कुपवाडकर_काका · मंगळवार, सकाळी ६:५०

सुप्रभात. निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

मी कुपवाड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो. क्यूआर कोड मी पैसे द्यायला नाही, पेट्यांवर पहिल्यांदा पाहिला. आणि तो जन्मलाही त्याच कामासाठी. १९९४ साली जपानमध्ये, डेन्सो ह्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, मासाहिरो हारा आणि त्यांच्या जोडीदारानं तो तयार केला. साध्या बारकोडात वीसेक अक्षरं मावायची. एका पेटीवर पाच-सात बारकोड, कामगार दिवसभर टुक-टुक करत बसणार. त्यावर तोडगा म्हणून आडवं आणि उभं दोन्ही बाजूंनी माहिती भरायची कल्पना आली. हारा जेवणाच्या सुट्टीत 'गो' नावाचा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळायचे, त्या पटावरून सुचलं असं ते स्वतः सांगतात.

कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन बघा. त्यांच्या बरोबर मध्यातून कशीही रेघ ओढा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं ह्यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. हे प्रमाण त्यांनी मासिकं, पत्रकं, खोक्यांवरची छपाई, असं बरंच चाळून निवडलं, कारण छापील मजकुरात ते सर्वांत कमी वेळा आढळलं. त्यामुळे कॅमेऱ्याला लगेच कळतं की कोड इथे आहे आणि कुठल्या बाजूला वळलेला आहे.

आणि महत्त्वाचं म्हणजे, पेटंट असूनही कंपनीनं ते कोणावर चालवलं नाही. कोड बनवायला पैसे द्यावे लागत नाहीत. २००० सालापासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तेव्हा 'कोडची मुदत संपली' म्हणून पैसे मागणं म्हणजे रस्ता सरकारी, आणि मधे टोलनाका खाजगी.

---

टर्मिनल · मंगळवार, सकाळी ९:१५

काकांनी भारी सांगितलं. मी घरच्या घरी कसा करायचा ते सांगतो. कुठल्याही साइटवर जायची गरज नाही.

एखाद्या वेबपानाचा कोड हवा असेल तर क्रोममध्ये ते पान उघडा, शेअरमध्ये जा, तिथे क्यूआर कोड तयार होतो. मधोमध छोटा डायनासोर येतो, लग्नपत्रिकेवर तो चालेल का हे घरच्यांना विचारा. संगणकावर लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर असेल तर (६.४ पासून पुढचं कुठलंही) इन्सर्ट मेनूत ओएलई ऑब्जेक्टखाली क्यूआर आणि बारकोड आहे. मजकूर टाका, कोड कागदावर. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, म्हणजे मधे कोणी बसूच शकत नाही. इंकस्केप ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. लिनक्सवाल्यांना 'क्यूआरएनकोड' माहीत असेलच.

भडंगवाले, तुमच्यासाठी: गुगल मॅप्समध्ये कार्यालयाच्या *फाटकावर* बोट दाबून ठेवा. अक्षांश आणि रेखांश येतील, आपल्याकडे १६.८ आणि ७४.५ च्या आसपास. दशांशानंतर चार आकडे पुरे, दहा-अकरा मीटरपर्यंत अचूक येतं. गुगल मॅप्सच्या पत्त्यापुढे ते दोन आकडे जोडले की सगळा मिळून ४२ अक्षरांचा दुवा होतो. त्याचा कोड २९ बाय २९ चौकटींचा. छोटा, सुटसुटीत, जुन्या मोबाइललाही वाचता येईल असा.

फाटकावर का, तर आमच्या चुलतभावाच्या लग्नात पिन इमारतीच्या मधोमध होती. नकाशानं सगळ्यांना मागच्या गल्लीत नेलं. तिथे भिंत. भिंतीपलीकडे सनई ऐकू येतेय आणि वऱ्हाडी भिंतीशी उभे.

---

खानावळ · मंगळवार, दुपारी ३:२०

सगळे डायनॅमिकला शिव्या घालताय म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. माझी खानावळ आहे, टेबलावर मेनूचा कोड आहे. भाव बदलतात, सीझनला हुरडा येतो, श्रावणात अर्धा मेनू बदलतो. दर वेळी बारा टेबलांवरचे कोड काढून नवे चिकटवायचे काय? मी वर्षाला पैसे भरतो आणि बिनघोर आहे. किती जणांनी स्कॅन केलं तेही दिसतं.

---

टर्मिनल · मंगळवार, दुपारी ३:४१

दादा, ठरवून पैसे भरताय तर काहीच हरकत नाही. पण ह्यालाही दुसरा मार्ग आहे. स्वतःच्या नावाचा एक वेब पत्ता घ्या, त्यावर मेनूचं एक पान ठेवा, आणि त्या पानाचा स्टॅटिक कोड करा. पान रोज बदला, कोड तोच. कोडवाली कंपनी उद्या बंद पडली तरी तुमची टेबलं चालू राहतात.

---

खानावळ · मंगळवार, दुपारी ३:५८

वेब पत्त्याचंही वर्षाला भरावंच लागतं की.

---

टर्मिनल · मंगळवार, दुपारी ४:०२

लागतं. पण तो तुमच्या नावावर असतो. भाड्याची जागा आणि स्वतःची जागा, दोन्हीला घरपट्टी असतेच.

---

साताऱ्याचा_पेढा · मंगळवार, रात्री ८:०५

एक शंका. मी आमच्या गावच्या यात्रेचा सगळा कार्यक्रम मराठीत टाइप करून कोड बनवला. छबिना किती वाजता, कुस्त्या कधी, महाप्रसाद कुठे, सगळं. कोड असा गच्च झाला की मुंग्यांचं वारूळ. कुणाच्याही मोबाइलला वाचेना. तेवढाच मजकूर इंग्रजीत टाकला तर वाचला. मराठीशी काय वैर आहे ह्याचं?

---

टर्मिनल · मंगळवार, रात्री ९:३०

वैर नाही, पण सावत्रपणा आहे. ह्यावर बोलायला मला आवडतं, त्यामुळे लांबेल.

क्यूआर कोडात मजकूर भरायच्या चार रीती आहेत. नुसते आकडे असतील तर सर्वांत कमी जागा. इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं अशी ४५ चिन्हं असतील तर जरा जास्त. बाकी काहीही असेल तर बाइटमध्ये (बाइट म्हणजे संगणकाचं जागा मोजायचं माप). आणि चौथी रीत खास जपानी कांजीसाठी, कारण बनवणारे जपानी. त्यांच्या एका अक्षराला १३ बिट लागतात. आपल्या देवनागरीसाठी अशी सोय नाही, ती बाइटमधूनच जाते, आणि एकेका चिन्हाला ३ बाइट म्हणजे २४ बिट.

आणि 'चिन्ह' म्हणजे आपण समजतो ते अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. 'श्री' हे आपल्याला एक अक्षर वाटतं. संगणकाला ते श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. चार गुणिले तीन, १२ बाइट. पत्रिकेच्या डोक्यावर 'श्री गणेशाय नमः' लिहिलं की तिथेच चाळीसएक बाइट गेले.

गंमत बघा. सर्वांत छोटा कोड २१ बाय २१ चौकटींचा, त्यात जास्तीत जास्त १७ बाइट मावतात. 'सांगली' लिहा: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. सहा त्रिक अठरा. एका बाइटनं सांगली बाहेर! पुढच्या मापाचा कोड घ्यावा लागतो. 'मिरज' मात्र चार त्रिक बारा, आरामात बसते.

सर्वांत मोठा कोड १७७ बाय १७७ चौकटींचा असतो, त्यात २,९५३ बाइट. म्हणजे देवनागरीची हजाराला थोडी कमी चिन्हं, आणि तीही कागदावर वाचण्यालायक राहत नाहीत. तुमच्या यात्रेचा कार्यक्रम दोन हजार बाइटच्या घरात असणार, म्हणजे एका बाजूला दीडशे चौकटी. तीन सेंटिमीटरच्या चौकोनात दीडशे चौकटी म्हणजे एकेक चौकट ०.२ मिलिमीटर. गावच्या झेरॉक्स मशीननं ती काढली हेच नवल.

उपाय: कार्यक्रम वेबपानावर किंवा ड्राइव्हवर ठेवा, कोडात फक्त त्याचा दुवा.

---

मिरजेचा_सूर · मंगळवार, रात्री ९:३८

मिरज बसते, सांगली बसत नाही. एवढंच वाचलं. फ्रेम करून ठेवतो.

---

साताऱ्याचा_पेढा · मंगळवार, रात्री ९:४५

स, काना, त, काना, र, काना... आमचे पण अठराच. आम्ही सांगलीच्या बाजूने. 😄

---

द्राक्षबाग · बुधवार, सकाळी ७:१०

तासगाव भागातून. गेल्या वर्षी बेदाण्याच्या अर्ध्या किलोच्या डब्यावर क्यूआर टाकला होता, नाव, फोन, बागेचा पत्ता, सगळं. पाहुणा म्हणाला 'व्हीकार्ड कर, स्कॅन केलं की नंबर थेट सेव्ह होतो'. झालंही. पण डबा गोल, कोड त्या गोलाईवर. निम्मा ह्या बाजूला, निम्मा त्या बाजूला. गिऱ्हाईक डबा फिरवतंय आणि मोबाइल फिरवतंय. ह्या वर्षी झाकणावर घेतला, चालतोय.

---

मिरजेचा_सूर · बुधवार, सकाळी ७:५५

द्राक्षबाग, आमच्याकडे हेच सतारीवर झालं. मिरजेत सतारी बनवणारे आमचे एक मामा आहेत. कुणीतरी सुचवलं, वाद्य कुणी बनवलं, लाकूड कुठलं, कधी बनवलं, ते क्यूआरमध्ये घालून चिकटवा. पहिला स्टिकर त्यांनी भोपळ्यावर लावला. भोपळ्याची गोलाई दोन्ही बाजूंनी, कोड स्कॅनच होईना. वरून पॉलिशची चकाकी. मामा म्हणाले, 'ह्याला वाजवायला येतं का बघ.' आता मागच्या सपाट भागावर लावतात, वाजवणाऱ्याच्या अंगाकडे. श्रोत्यांना दिसत नाही, दुरुस्तीला आलं की मात्र लगेच कळतं.

---

डीटीपीताई · बुधवार, सकाळी ११:४०

छपाईचं मी सांगते, कारण कोड बरोबर असून छपाईत मेलेला मी सर्वांत जास्त बघितलाय.

गिऱ्हाईक कोड व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो कुठून तरी फॉरवर्ड होत आलेला असतो, कडा फुटलेल्या. तोच ताणून मोठा करायचा. नका करू. पीडीएफ किंवा एसव्हीजी पाठवा, नाहीतर मजकूर पाठवा, कोरलमध्येच कोड करता येतो, आम्ही करून देतो. दुसरं म्हणजे जागेत बसवायला कोड आडवा दाबतात. चौकोनाचा आयत झाला की काही मोबाइल घेतात, काही घेत नाहीत, आणि नेमका व्याह्यांचा घेत नाही.

कोडाभोवती पांढरी कड लागते, चारही बाजूंना चार-चार चौकटींएवढी. डिझायनर पोरांना ती रिकामी जागा बघवत नाही. तिथे वेल काढतात, मोर काढतात, एकानं कलश काढला होता.

रंग. पत्रिकेला मरून कागद आणि सोनेरी फॉइल हे आमच्याकडचं लाडकं जोडकाम. त्याच सोनेरीत कोड छापा म्हणतात. एक तर गडदावर फिकं, म्हणजे उलटा कोड, तो सगळ्या मोबाइलना कळत नाही. आणि फॉइल प्रकाशात आरशासारखी. मी सरळ सांगते, तेवढा चौकोन पांढरा सोडा आणि काळ्यात छापा. दिसायला बरं नाही वाटत, मान्य आहे.

मधे गणपती किंवा वधूवरांच्या नावाची अक्षरं टाकायची असतील तर कोड करताना दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची ठेवा. चार पातळ्या असतात: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. पण वरची पातळी घेतली की चौकटी वाढतात. आणि कोपऱ्यातले तीन चौकोन ह्या हिशोबात धरू नका. पत्रिकेची घडी बरोबर त्यातल्या एकावरून गेली की संपलं.

मोजमापाला मी एक ढोबळ हिशोब धरते. जेवढ्या लांबून स्कॅन करायचं त्याचा दहावा भाग कोडची रुंदी. हातात धरायच्या पत्रिकेला अडीच-तीन सेंटिमीटर भरपूर. कार्यालयाच्या कमानीवर फ्लेक्स लावून दोन मीटरवरून स्कॅन व्हावा तर वीस सेंटिमीटर. चौकात दहा फूट वर टांगलेल्या फ्लेक्सवर तळहाताएवढा कोड कशासाठी टाकतात हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शिडी आणायची का?

---

वाडीची_सूनबाई · बुधवार, दुपारी १:०५

ताई, खूप छान माहिती. मला घरच्या वायफायचा कोड करायचा आहे. दिवाळीत नणंदा येतात, प्रत्येकीची दोन मुलं, आणि प्रत्येक जण 'मामी पासवर्ड?' आमचे सासरे पासवर्ड मोठ्यानं ओरडून सांगतात, शेजारच्यांनाही मिळतो.

---

टर्मिनल · बुधवार, दुपारी २:३०

ताई, ॲन्ड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप करा, शेअर दाबा, कोड समोर. स्क्रीनशॉट काढून छापा. फक्त लक्षात ठेवा, त्या कोडात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. कुलूप नाही. दिवाणखान्यात लावला आणि कुणी फोटो काढला तर पासवर्ड गेला. राउटरमध्ये 'गेस्ट' नेटवर्कची सोय असेल तर पाहुण्यांना त्याचाच कोड द्या, दिवाळी झाली की पासवर्ड बदला. सासऱ्यांच्या आवाजापुढे मात्र इलाज नाही.

---

नदीकाठ · बुधवार, रात्री १०:२०

मी वेगळ्या कारणासाठी लिहितोय. आमची इमारत नदीपासून जवळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. त्यानंतर सोसायटीत ठरलं की जिन्यात एक क्यूआर लावायचा, स्कॅन केलं की बोटवाले, डॉक्टर, सगळ्यांच्या घरचे नंबर. एका उत्साही मुलानं ते सगळं ऑनलाइन शीटमध्ये भरलं आणि शीटचा कोड लावला.

मी विचारलं, बाळा, त्या वेळी आमच्याकडे दोन दिवस नेट नव्हतं, शीट उघडणार कशी? तो गप्प. मग दुसरा कोड केला, त्यात दुवा नाही, नुसती इंग्रजी अक्षरांत नावं आणि नंबर, आठच. नेट नसलं तरी कॅमेरा मजकूर दाखवतो. विमान मोड लावून करून बघितलं, माझ्या आणि बायकोच्या फोनवर चाललं.

---

कुपवाडकर_काका · गुरुवार, सकाळी ६:४०

चांगलं केलंत. पण आठच नंबर आहेत तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लावले असते तरी चाललं असतं की. मोबाइलची बॅटरी गेल्यावर विमान मोड काय कामाचा?

---

नदीकाठ · गुरुवार, सकाळी ८:१५

काका, कोडाखाली तेही लिहिलंय. सौ.नी लिहायला लावलं.

---

चहा_कटिंग · गुरुवार, सकाळी ११:००

पैशाच्या स्कॅनरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. माझा गाडा आहे. एकदा सकाळी सात ते अकरा धंदा झाला, खात्यावर जमा शून्य. नंतर दिसलं, माझ्या स्कॅनरवर रात्रीत कुणीतरी दुसराच चिकटवून गेलं होतं. माप तेच, रंग तोच, नखानं कड उचकटली तेव्हा कळलं. चार तासांचा चहा कुणाला तरी पाजला. आता स्कॅनर रात्री घरी नेतो, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला विचारतो, 'नाव काय दाखवतंय?' तुम्ही पण पैसे पाठवताना नाव वाचत जावा. पुढचं मग दाबा.

---

डीटीपीताई · गुरुवार, सकाळी ११:२५

आणि दुसरं, पैसे *घ्यायला* कधीही स्कॅन करावं लागत नाही, पिन तर नाहीच नाही. आमच्या शेजारच्या काकू जुनं कपाट विकत होत्या. घेणारा म्हणाला, हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील. पैसे गेले. असं झालं तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

---

भडंगवाला · गुरुवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. प्रगती सांगतो.

टर्मिनलनं सांगितलं तसं फाटकावर स्वतः उभा राहून अक्षांश-रेखांश घेतले (घरबसल्या घेतले होते तर पिन शेजारच्या गोडाऊनवर पडत होती). लिबरऑफिसमध्ये कोड केला. स्कॅन करून *पत्ता वाचला*, मग उघडला. ताईंच्या हिशोबानं तीन सेंटिमीटर, भोवती पांढरी कड. ए-फोर स्टिकर कागदावर आडवे सहा, उभे नऊ, एका कागदात ५४. चार कागदांत २१६. काल रात्री भाची, तिची आई आणि मी टीव्हीसमोर बसून २१० पत्रिकांवर चिकटवले. जुना कोड जरा मोठा होता, त्याची काळी कड एका बाजूनं डोकावते. भाची म्हणाली असू दे, पोटमाळ्यावरचं दिसतंय तसं दिसतंय.

वाटून झालेल्या २४० घरांना व्हॉट्सॲपवर नवा कोड पाठवला. तो मोबाइलवरच आला, आता तो स्कॅन कशानं करायचा, असं विचारणारे अकरा फोन आले. मग सरळ दुवाच पाठवला. हे आधी सुचायला हवं होतं.

---

डीटीपीताई · गुरुवार, रात्री १०:०५

अकराच? गुगल लेन्समध्ये गॅलरीतला फोटो उघडूनही वाचता येतो, पण फोनवर समजावत बसण्यापेक्षा दुवा बरा. अण्णांचं काय?

---

भडंगवाला · सतरा दिवसांनंतर, रविवार, रात्री ११:३०

लग्न पार पडलं. धागा वर आणतोय कारण अण्णांचं राहिलं होतं.

अण्णांना मी स्वतः विट्याला जाऊन नवी पत्रिका दिली. स्टिकर त्यांनी नखानं उचकटून बघितला, खाली काय आहे म्हणून. मग त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर स्कॅन केला, नकाशा आला. 'आता पैसे मागत नाही ना,' म्हणाले. लग्नाच्या दिवशी बरोबर फाटकाशी गाडी लागली. उतरल्या उतरल्या मला म्हणाले, चौकात पानवाल्याला विचारून आलो, पण मागं नातू ते लावून बसला होता, दोघांचं जुळलं.

उरलेले सहा स्टिकर खिशातच होते. एक अण्णांनी मागून घेतला. म्हटलं, अहो हा कार्यालयाचा आहे, तुम्हाला काय उपयोग? तर त्यांना तसाच त्यांच्या वस्तीचा पाहिजे. खताची गाडी दर वेळी चुकून दुसऱ्याच्या बांधावर जाते. नमुना म्हणून ठेवलाय.

उद्या सकाळी वस्तीच्या फाट्यावर उभे राहून फोन करणार आहेत. टर्मिनल, अक्षांश-रेखांश फोनवर तोंडी कसे विचारायचे?